दोरीवर दहाच जर्सी

अण्णा,

अक्षराला हसू नकोस. ऱ्हस्व-दीर्घ चुकेल, ओळी वर चढतील, मध्येच एखादं कन्नड अक्षर येईल. चौथीपर्यंत मी कन्नड शाळेत गेले. मराठी अक्षरं तू शिकवलीस, तीही शिंप्याच्या खडूने, कापायच्या फळीवर. मी एक ओळ लावते न लावते तोच तू म्हणायचास, "लवकर वाच, गिऱ्हाइकाचं कापड टाकायचंय." म्हणून मला वाचता येतं भरभर आणि लिहिता येतं वाकडं. यात अर्धी चूक माझी, अर्धी तुझी. तू असतास तर कुणाची किती यावरही आपण भांडलो असतो.

तुझ्या शोकसभेत मला म्हणाले, "अक्का, दोन शब्द बोला." मी पदर तोंडाला लावला आणि मान हलवली. चार माणसांसमोर माझा आवाज फुटत नाही, हे तुला माहीत आहे. पण त्या सभेत जे झालं ते तुला सांगावंसं वाटतं, आणि सांगायला तूच नाहीस. म्हणून हा कागद. मी तो कुणाला दाखवणार नाही.

तुला ठाऊक असलेलंही थोडं पुन्हा लिहिते. सभेत ज्याने त्याने ती मॅच आपापल्या परीने सांगितली. मला ती जशी झाली तशी एकदा लिहून हवी आहे.

तू टीम काढलीस तेव्हा आपल्या लोकांत कुणाला फुटबॉलचं काही कळत नव्हतं. शिंपी आणि रंगाऱ्यांची पोरं, पायात चपला नाहीत आणि म्हणे फुटबॉल. पण जर्सी अशा होत्या की दुसऱ्या टीमची पोरं हात लावून बघायची. आईने तांब्याच्या हंड्यात निळा रंग चढवलेला आणि तू प्रत्येकाच्या अंगाचं माप घेऊन शिवलेल्या. एकाची जर्सी दुसऱ्याला व्हायची नाही. वडील हसायचे, "हे काय, लग्नाचे कोट शिवतोस का?"

आणि तुझी ती दोरीची पद्धत. "तू उद्या नाहीस" असं कुणाच्या तोंडावर सांगणं तुला जमत नसे. मॅचच्या आदल्या दिवशी जे अकरा जण खेळणार त्यांच्या जर्सी तू आईकडे धुवायला टाकायचास. आई त्या देवळाच्या मागच्या, आपल्या घराला लागूनच्या अंगणात दोरीवर वाळत घालायची. सकाळी पोरं देवाला नमस्कार करून मागे जायची आणि दोरी बघायची. आपला नंबर दिसला तर उतरायचं, नाही तर मुकाट्याने घरी. कुणी विचारत नसे, तू सांगत नसायचास. सगळ्यांना वाटायचं, किती शिस्त आहे! मी घरात होते म्हणून मला माहीत, ती शिस्त नव्हती. तुला पोरांची पडलेली तोंडं बघवत नव्हती.

बुटांचाही तुझा एक कायदा होता. दुकानातून बूट तू तुझ्या नावावर उचलायचास. जो मैदानात उतरेल त्याने तुला हप्त्याने पैसे द्यायचे. ज्याला टीमने बसवलं त्याचे टीम देणार. तू म्हणायचास, "बसवायचं पण आपण आणि खर्च पण त्याचाच, हे बरं नाही." हा कायदा मला अजून आवडतो. पुढे त्याच कायद्याने आपली दोन घरं इतकी वर्षं समोरासमोर बसवून ठेवली, तरीही आवडतो.

फायनलच्या आधी आमच्या ह्यांचं स्थळ मला आलं होतं. बोलणी चालू होती, बाहेर कुणाला माहीत नव्हतं. सात नंबरची जर्सी ह्यांची. आईने सगळ्या जर्सी धुतल्या, दहा दोरीवर घातल्या आणि अकरावी आत आणून माजघरातल्या दांडीवर टाकली. मी विचारलं तर म्हणाली, "जावई व्हायचाय तो. त्याचा कपडा काय चारचौघांत लोंबत ठेवायचा? उन्हाने विटला तर?" मग कोळशाची इस्त्री पेटवली आणि जर्सीच्या बाह्यांना मोड काढली. फुटबॉलच्या जर्सीला! अशी मोड ती फक्त वडिलांच्या सणाच्या सदऱ्याला काढायची. दोरीवर कपडा नसण्याचा पोरं काय अर्थ लावतात, हे तिच्या डोक्यातही नव्हतं. ती दोरी तिच्यासाठी दोरीच होती.

तू पहाटेच चुना घेऊन जयलक्ष्मीपुरमकडच्या मैदानावर आखणीला गेला होतास. आम्ही दोघी आत टीमसाठी पोह्यांची अवलक्की परतत होतो. हे आले, दोरी बघितली. बाकीच्या पोरांनी नंतर सांगितलं, "मनोहरने या टोकापासून त्या टोकापर्यंत बघितलं, मग परत त्या टोकापासून या टोकापर्यंत." दहाच जर्सी. कुणाशी न बोलता नवे बूट खांद्याला अडकवून हे नंजनगूडच्या बसमध्ये बसले आणि मावशीकडे गेले.

तू दुपारी आलास, दहा जर्सी दोरीवरून काढल्यास आणि सात नंबरची आईने पेपरात गुंडाळून तुझ्या हातात दिली. मैदानावर मनोहर नाही. घरी माणूस पाठवला तर कळलं, बसने गेला. तू ती इस्त्रीची जर्सी चंदूच्या अंगात घातलीस. चंदू म्हणजे टीममधला सगळ्यात बारका, तोवर फक्त बाहेर गेलेला चेंडू आणून देणारा. आणि मंडीकडच्या त्या दांडग्या टीमवर चंदूनेच गोल मारला.

तुझ्या गळ्यात हार पडले. कुणीतरी ओरडलं, "मनोहरला बसवून चंदूला उतरवला! काय छाती लागते, अण्णा!" तू नाही म्हणाला नाहीस.

त्या दिवशी तू दमला होतास, ते मी समजू शकते. दुसऱ्या दिवशी? पुढच्या महिन्यात?

लग्न झालं. ह्यांचे काका म्हणाले होते, "मुलीचा काय दोष?" मला कुणी विचारलं नाही, पण विचारलं असतं तरी मी हो म्हटलं असतं. हळदीच्या दिवशी तू ह्यांना बाजूला घेऊन खरं काय ते सांगितलंस. हे म्हणाले, "असं असेल तर उद्या मांडवात सगळ्यांसमोर सांग." तू आईकडे बघितलंस. ती पाहुण्यांना पाट मांडत होती. तुझं तोंड मिटलं. मग ह्यांनी ते वाक्य टाकलं. "मला तू बसवलंस. बुटांचे पैसे टीमचे."

तू म्हणालास, "तू स्वतः गेलास. पैसे तुझे."

अडतीस रुपये. ह्यांनी दिले तर हे मैदानातून पळाले असा अर्थ. तू सोडले तर तू ह्यांना काढलंस असा अर्थ. तू दुकानदाराचे पैसे पदरचे भरलेस आणि वाट बघत बसलास. हेही बसले. एकदा ब्लाउज शिवून साठवलेले पैसे घेऊन मी म्हटलं, मी देते. तू म्हणालास, "यात तू पडू नकोस." घरी आले तर हे म्हणाले, "यात तू पडू नकोस." इतक्या वर्षांत तुम्हा दोघांचं एकमत झालेलं ते एकदाच.

बोलणं माझ्यामार्फत. देवळातल्या जेवणाला एकाच पंगतीत बसून, "तुझ्या अण्णाला सांग, आमटी चांगली झालीय." आणि तू, "तुझ्या नवऱ्याला सांग, अजून आहे, वाढून घे म्हणावं." वहिनी म्हणायची, "अय्यो, हिला तारवालीचा पगार द्या कुणीतरी!" सगळे हसायचे. मला हसू यायचं नाही.

मी ह्यांना किती वेळा सांगितलं. दांडी, इस्त्री, आईचे शब्द. हे एकच म्हणायचे, "तुला तुझ्या भावाने पढवलंय." दसऱ्याला आयुधपूजेच्या दिवशी शिलाईचं मशीन, कात्री, टेप मांडले की मी ते बूटही मागे ठेवायची. एकदाही न खेळलेले बूट. हे कुंकू लावता लावता तिथे थांबायचे आणि म्हणायचे, "ते उचल." त्या दिवसानंतर ह्यांनी चेंडूला पाय लावला नाही, अण्णा. तू वर्षानुवर्षं हार घेत होतास तेव्हा मी ते बूट पुसत होते.

पण दर संक्रांतीला एळ्ळू-बेल्ल्याच्या तिळगुळाचा आणि उसाच्या तुकड्यांचा डबा घेऊन तू स्वतः यायचास, ते मी विसरले असं समजू नकोस. घरात बोलावलं नाही म्हणून बाहेरच्या कट्ट्यावर बसायचास. उन्हात. डबा माझ्या हातात देऊन म्हणायचास, "ऊस रसाळ आहे, आधी तो खा." नवऱ्याच्या घरचं काही कधी विचारलं नाहीस. माझ्या हाताकडे बघायचास, सुईने टोचलेल्या बोटांकडे. पुढच्या खेपेला डब्याच्या तळाशी नवं अंगुस्तान असायचं.

आई गेल्यावर मी तुला पहिल्यांदा स्पष्ट विचारलं. "आता आईला कोण बोल लावणार? सांगून टाक." तू म्हणालास, "चंदूचं काय? त्या एका गोलावर त्याला कडकोळच्या फॅक्टरीत घेतलं, त्यांच्या टीमसाठी. मी आज म्हटलं की तो चुकून उतरला, तर पोराची किंमत काय राहील?" ते मला पटलं होतं.

मग तुझ्या कुवेंपुनगरच्या घरातलं ते शेवटचं भांडण. तू व्हरांड्यात वेताच्या खुर्चीत, पायांवर शाल. आतून वहिनीने कषायाचा गरम काढा आणून ठेवलेला. मी म्हटलं, "चंदू रिटायर झाला. फॅक्टरीने घड्याळ देऊन घरी पाठवला. आता कुणाचं काय जाणार आहे?"

तू म्हणालास, "मनोहर न विचारता गेला. दोरीला विचारलं, मला नाही विचारलं. एक शब्द विचारायला काय झालं होतं?"

"दोरी कुणी बांधली? तोंडाने सांगायची हिंमत नव्हती म्हणून तूच ना?"

तू शालीचे दोरे ओढत बसलास. मग म्हणालास, आणि हे तुझे शब्द माझ्या कानातून जात नाहीत, "देवळात गेलो की आजची पोरंसुद्धा म्हणतात, टीम निवडावी तर अण्णांनी. तेवढं एकच आहे माझं. राहू दे की गं."

"आणि ह्यांचं काय आहे?"

"साकु," म्हणालास. पुरे. आणि तोंड फिरवलंस.

कषाय तसाच ठेवून मी उठले. पुढच्याच आठवड्यात तू गेलास. मला म्हणायचं होतं की, तुझं तेवढं एकच नाही. खडूने अक्षरं लिहून देणारा भाऊ कुणाकुणाला असतो? पण मी चिडले होते आणि बस सुटायची होती.

आता सभेचं सांगते. हे येतील असं मला वाटलं नव्हतं. स्मशानात ह्यांनी तुला खांदा दिला, पण तिथे बोलायचं काही नसतं. त्या संध्याकाळी सदरा बदलून मला म्हणाले, "चल."

देवळाच्या हॉलमध्ये तुझ्या हार घातलेल्या फोटोशेजारी टीमचा तो जुना फोटो ठेवला होता. मॅचच्या आधी काढलेला. तो तिथल्याच भिंतीवर होता सगळी वर्षं, पण हे त्या भिंतीकडे पाठ करून बसायचे. त्या दिवशी फुलं वाहायला गेले आणि तिथेच थांबले. मागे रांग खोळंबली. चष्मा कपाळावर सरकवून, काचेला नाक लागेल इतके वाकले. मग अंगठा काचेवर ठेवून हळूहळू खांद्यापासून खाली नेला. कापड तपासताना नेतात तसा.

मला कळलं हे काय बघतायत. दहा जर्सी दोरीवर वाळलेल्या, चुरगळलेल्या, खांद्यावर चिमट्यांची टोकं उठलेली. आणि चंदूच्या अंगात सात नंबर. बाहीला सरळ, धारदार मोड. फोटो जुना झाला, पण ती मोड दिसते. माझ्या बोलण्यावर विश्वास बसला नव्हता. इस्त्रीवर बसला.

हे परत येऊन पुरुषांच्या बाजूला मागच्या सतरंजीवर बसले. बायकांच्या बाजूला माझ्याकडे एकदा बघितलं आणि मान खाली घातली.

समाजाचे अध्यक्ष माइकवर होते. "अण्णांची नजर म्हणजे नजर! बहिणीचा होणारा नवरा, पण मॅच म्हणजे मॅच. बाजूला बसवला आणि चंदूला उतरवला! इवत्तु यारु माडतारे हागे? आज कोण करतंय असं?" टाळ्या पडल्या. शोकसभेत टाळ्या, अण्णा. तू लाजला असतास आणि तुला आवडलंही असतं.

टाळ्या थांबल्या आणि हे उभे राहिले. माइक मागितला नाही. मी शेजारणीचं मनगट धरलं ते तिने नंतर दाखवलं, लाल झालेलं. मला वाटलं आता हे तुझ्या फोटोसमोर इतक्या वर्षांचं ओकणार.

"अण्णाने मला काढलं नव्हतं," हे म्हणाले. "माझी जर्सी आत होती, सासूबाईंनी इस्त्री केलेली. मी दोरी बघितली आणि न विचारता निघून गेलो. त्याने काही निवडलं-बिवडलं नाही. मी नव्हतो म्हणून चंदू उतरला."

अध्यक्ष माइककडे बघत राहिले. अण्णा, मला रागही आला. माणूस जाऊन किती दिवस झाले, आणि त्याचं तेवढं एक होतं तेही काढून घेतलं. तुझं श्रेय कापायला हे उभे राहिले की स्वतःकडे दोष घ्यायला, ते मला अजून नीट कळलेलं नाही. एक केल्याशिवाय दुसरं करता येत नव्हतं.

सगळ्यांची मान चंदूकडे वळली. पांढऱ्या मिशांचा चंदू. तू ज्याला आयुष्यभर जपलंस तो. तो बसल्या जागेवरून म्हणाला, "मला माहीत होतं की."

"काय माहीत होतं?" अध्यक्षांनी विचारलं.

"जर्सी माझी नव्हती ते. दोन चंदू मावले असते तिच्यात. अण्णाने पाठीमागे सेफ्टी पिना लावल्या, एक टोचली पण. म्हणाला, पळत राहा, थांबलास तर टोचेल." कुणीतरी हसलं. चंदू हसला नाही. तो ह्यांच्याकडे बघत होता. "गोल तरी माझा होता ना, मनोहर?"

ह्यांनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला.

"गोल तुझाच," हे म्हणाले. "मी असतो तर तिथवर पोचलोही नसतो. आणि पिना अण्णाच्या."

चंदूने पंच्याने तोंड पुसलं. अध्यक्षांनी सगळ्यांना प्रसाद घेऊन जायला सांगितलं.

तू ज्याच्यासाठी गप्प राहिलास त्याला सगळं आधीपासून ठाऊक होतं. त्याला एकदा विचारलं असतंस तर? पण तू पण दोरीसारखाच, विचारायचं नाही, समजून घ्यायचं. हे पण तसेच. तुम्हा दोघांना एकाच मापाने कापलं होतं. म्हणूनच एकाच टीममध्ये मावलात, एका घरात मावला नाहीत.

रिक्षा घराकडे वळायची ती ह्यांनी कुवेंपुनगरला न्यायला सांगितली. आजवर मला त्या गेटापर्यंत सोडून हे बाहेरच्या झाडाखाली थांबायचे. त्या दिवशी चपला काढल्या आणि आत आले. वहिनी उठू लागली तर म्हणाले, "बसा."

खिशातून पैसे काढून तुझ्या खुर्चीशेजारच्या टिपॉयवर ठेवले. तीन दहाच्या नोटा, एक पाचाची, वर तीन नाणी. रिक्षात ह्यांची मूठ खिशातच मिटलेली होती ती यासाठी.

वहिनी म्हणाली, "हे काय?"

"बुटांचे. अण्णाकडे राहिले होते."

वहिनीला सगळं माहीत. तिने नोटा बघितल्या, ह्यांच्याकडे बघितलं. "एवढेच? आणि इतक्या वर्षांचं व्याज?"

"व्याज त्याने हारांत घेतलं," हे म्हणाले.

मला वाटलं, झालं, आता वहिनी उठून आत जाईल. तिने पदर डोळ्यांना लावला आणि खांदे हलायला लागले. रडतेय असं वाटलं, पण ती हसत होती. तू गेल्यापासून पहिल्यांदा. मग खरंच रडली. हे तिथेच उभे राहिले, हात कुठे ठेवावेत ते न कळून. मग तुझ्या खुर्चीच्या पाठीवर ठेवले.

मी स्वयंपाकघरात जाऊन कषाय केला, तिघांना. या वेळी पिऊनच उठले.

वहिनीने पैसे मोजले. तू मोजायचास तसे, अंगठ्याला जीभ लावून. मग तुझ्या कात्रीच्या खणात ठेवले आणि खण लावला. अडतीस होते, अण्णा. पुरते.